विश्लेषण : कोल्हापूर–नागपूर विमानाने जेमतेम दीड तास, मग प्रवासाचा हिशेब दिवसांत का करावा लागतो?

कोल्हापूर ते नागपूर अंतर किती, असे मोबाइलवर शोधले की तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात. विमानाने सुमारे ७०० किलोमीटर, रस्त्याने सव्वाआठशेच्या आसपास आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या मार्गाने साधारण १२०० किलोमीटर. तिन्ही आकडे बरोबर आहेत. राज्याच्या दोन टोकांवरच्या या शहरांमध्ये २०२५ मध्ये थेट विमानसेवा सुरू झाली, तेव्हा साहजिकच सगळ्यांच्या तोंडी पहिला आकडा आणि त्यासोबतचे ‘दीड तासात नागपूर’ हे वाक्य होते.

प्रवाशाचा प्रश्न मात्र जरा वेगळा असतो. अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता नागपुरात काम आहे, तर घरातून कधी निघू आणि परत कधी येऊ? अंतर आणि उड्डाणाची वेळ या दोन आकड्यांतून त्याचे उत्तर मिळत नाही. ते का मिळत नाही आणि कोणते आकडे पाहिले तर मिळेल, हे समजून घेण्यासाठी आधी हे दोन आकडे येतात कुठून ते पाहावे लागेल.

७०० किलोमीटर मोजले कसे?

प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश अधिकृतरीत्या प्रसिद्ध केलेले असतात. उजळाईवाडीचा कोल्हापूर विमानतळ साधारण १६.६६ अंश उत्तर, ७४.२९ अंश पूर्व इथे आहे, नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व इथे. पृथ्वीच्या गोलावर या दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत छोटी रेषा काढली की ती सुमारे ७०२ किलोमीटर भरते. विमान वाहतुकीच्या भाषेत ३७९ सागरी मैल. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे जवळपास १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश मात्र उत्तरेकडे जावे तसा आखडत जातो. कोल्हापुरात तो साधारण १०६.५ किलोमीटरचा आहे, तर नागपुरात १०४ किलोमीटरच्या आतच. नकाशावर पट्टी ठेवून मोजणाऱ्याचा हिशेब थोडा चुकतो तो इथे.

ही रेषा नकाशावर ओढून पाहण्यासारखी आहे. ती जवळजवळ नेमकी ईशान्येला जाते. पंढरपूरवरून, धाराशिवच्या बाजूने, परभणी आणि नांदेडच्या मधून, यवतमाळच्या दक्षिणेकडून आणि वर्ध्याजवळून ती नागपूरला पोहोचते. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र एका रेषेत. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत आखलेला सुमारे ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग याच पट्ट्यातून जातो. त्या महामार्गाला कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा विरोध आहे आणि त्या वादाचे मुद्दे वेगळे आहेत. पण या दिशेने थेट वाट नाही ही गोष्ट मात्र खरी आहे.

लोहमार्ग या रेषेपासून इतका दूर का जातो, याचे कारण जुने आहे. इंग्रजांच्या काळात रूळ पडले ते मुख्यतः मुंबई बंदराकडे माल नेण्यासाठी. त्यामुळे कोल्हापूरहून नागपूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आधी पुण्याकडे वर जाते, दौंड, अहिल्यानगर करत मनमाडला पोहोचते आणि तिथून भुसावळ, अकोला, वर्धा अशी पूर्वेला वळते. सरळ रेषेच्या पावणेदोनपट अंतर आणि साधारण एक पूर्ण दिवस. पंढरपूर, लातूर, परभणीमार्गे जाणारी कोल्हापूर–नागपूर गाडी आहे, पण ती रोज नाही.

आणखी एक आकडा गमतीचा आहे. नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६८३ किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरपेक्षा मुंबई नागपूरला किंचित जवळच. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, कोल्हापूर–नागपूर हवाई रेषेएवढाच. तो ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला आणि १६ तासांचा प्रवास आठ तासांवर आला, असे सरकार सांगते. म्हणजे कोल्हापूर नागपूरपासून फार दूर आहे ही समजूत किलोमीटरमुळे झालेली नाही. ती वाटेमुळे झाली आहे.

मग विमानाला वेळ किती लागतो?

अंतर सांगणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांचे सूत्र सोपे असते. ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेग धरायचा, अंतराला त्याने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. ७०२ किलोमीटरसाठी उत्तर येते एक तास २२ ते २३ मिनिटे. अंदाज म्हणून हे वाईट नाही. पण दोन प्रादेशिक विमानतळांमधल्या छोट्या उड्डाणात या सूत्रातला ‘वेग’ हा भाग फसवा असतो.

एम्ब्रेअर-१७५ हे ७६ आसनांच्या आसपासचे जेट घेऊ. उंचीवर स्थिरावल्यावर ते ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने उडते. या वेगाने संपूर्ण अंतर कापले तर ५१ मिनिटे पुरतील. प्रत्यक्षात १० हजार फुटांच्या खाली विमानांना साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते. उतरण्याचा वैमानिकांचा ढोबळ हिशेब आहे, दर हजार फुटांना तीन सागरी मैल. ३३ हजार फुटांवरून नागपूरला उतरायचे तर जवळपास १८० किलोमीटर आधीच, म्हणजे यवतमाळच्याही अलीकडे उतरणीला सुरुवात होते. चढण्यातही तेवढेच अंतर जाते. सातशेपैकी जेमतेम साडेतीनशे किलोमीटर विमान पूर्ण वेगात असते. अंतर जितके कमी, तितका हा वाटा घटतो. म्हणूनच मुंबई–दिल्लीच्या अनुभवावरून कोल्हापूर–मुंबईचा अंदाज बांधता येत नाही.

त्यात धावपट्टीची दिशा येते. कोल्हापूरची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडते आणि उतरते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे नागपूरला जायचे विमान आधी पश्चिमेकडे झेपावते आणि मग मागे वळते. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय, म्हणजे कोल्हापूरच्या रेषेला जवळपास काटकोनात. तिथेही वळण आलेच. अशा वळणांत पाच-सात मिनिटे सहज जातात.

वाऱ्याचा परिणाम मात्र लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी आहे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना थोडा वेळ वाचतो आणि येताना जातो. रेषेच्या दिशेने ५० किलोमीटरचा वारा धरला तर संपूर्ण अंतरासाठी ४८ मिनिटे विरुद्ध ५४ मिनिटे, एवढाच फरक. चहाचा एक कप.

विमानाचा प्रकार बदलला तर फरक मोठा पडतो. एटीआर-७२ हे पंखे असलेले विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडते. कोल्हापूर–मुंबईच्या ३०९ किलोमीटरमध्ये जेट आणि एटीआरचा फरक पंधरा मिनिटांचा आहे. नागपूरच्या ७०२ किलोमीटरमध्ये तो अर्ध्या तासावर जातो. तरीही एटीआरला हलके समजण्याचे कारण नाही. ते इंधन कमी पिते आणि आखूड धावपट्टीवर उतरते. देशातील कित्येक लहान विमानतळ त्याच्याच जिवावर चालले आहेत.

सगळे मिळवून जेटने कोल्हापूर–नागपूर दीड तासाच्या आसपास, एटीआरने दोन तासांच्या आसपास असा हिशेब बसतो.

वेळापत्रकातला ‘ब्लॉक टाइम’ म्हणजे काय?

तिकिटावर छापलेला कालावधी हवेतला नसतो. विमान थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या थांब्यावर चाके थांबेपर्यंतचा तो काळ असतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. कंपन्या त्यात थोडी मोकळीकही ठेवतात. पाच-दहा मिनिटे जास्त छापली की उशिरा सुटलेले विमान ‘वेळेवर’ पोहोचते, कारण १५ मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरला जातो.

प्रवाशाने हा आकडा लक्षात ठेवावा, कारण नुकसानभरपाई त्यावर ठरते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार उड्डाण रद्द झाल्याचे किमान २४ तास आधीही कळवले नाही, तर परतावा किंवा पर्यायी विमानाशिवाय भरपाई द्यावी लागते. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५०० आणि दोन तासांहून जास्त असेल तर १०,००० रुपये. किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांतले जे कमी असेल ते. कोल्हापूर–नागपूर मधल्या गटात बसते. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर होणार असेल तर खाणेपिणे देणे बंधनकारक आहे. सहा तासांहून अधिक उशीर असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे.

हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणासारखी, कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर भरपाई नाही. नियम म्हणून ते योग्यच आहे. पण पावसाळ्यात ढग खाली उतरले की लहान विमानतळांवर हेच कारण पुन्हा पुन्हा पुढे येते आणि प्रवाशाला त्याची शहानिशा करण्याचा मार्ग नसतो.

घरापासून घरापर्यंत किती?

कोल्हापूर शहरातून उजळाईवाडी जवळ आहे, अर्धा तास पुरे. विमानतळावर दीड तास आधी पोहोचायचे. दीड तासाचा ब्लॉक टाइम. सामान घेऊन बाहेर पडायला वीस मिनिटे. नागपुरात विमानतळ शहरालगत आहे, मेट्रोही आहे. सीताबर्डीला पोहोचायला अर्धा तास. बेरीज चार तास वीस मिनिटे. सातशे किलोमीटरला चार तास वीस मिनिटे म्हणजे सरासरी वेग ताशी १६२ किलोमीटर. ८३० चे १६२ झाले तरी रेल्वेच्या एका दिवसासमोर ही चैनच आहे, यात वाद नाही.

आता इचलकरंजीचा एक व्यापारी यवतमाळला निघाला असे समजू. विदर्भात कापूस पिकतो, इचलकरंजीत कापड विणले जाते. या दोन गावांमध्ये कामे निघणे नवलाचे नाही. घरून विमानतळ पाऊण तास, तिथे दीड तास, विमानात दीड तास, बाहेर पडायला वीस मिनिटे आणि नागपूरहून यवतमाळ साधारण दीडशे किलोमीटर, तीन तास. एकूण सात तास. यातली मौज अशी, की त्याचे विमान यवतमाळच्या जवळूनच पुढे गेलेले असते आणि तो तेवढेच अंतर गाडीने मागे येतो. यवतमाळला धावपट्टी आहे, प्रवासी विमान नाही. चंद्रपूर, गडचिरोलीकडे जाणाऱ्यांचा हिशेब असाच लांबतो.

थेट विमान नसेल त्या दिवशी?

नेहमीचे पर्याय हैदराबाद आणि मुंबई. कोल्हापूर–हैदराबाद ४४५ किलोमीटर, हैदराबाद–नागपूर ४३४, मिळून ८७९. थेट रेषेपेक्षा १७७ किलोमीटर जास्त, म्हणजे जेटच्या वेगाने अवघी तेरा मिनिटे. मुंबईमार्गे ९९२ किलोमीटर होतात, तेथेही हवेतला फरक वीस-एकवीस मिनिटांचाच.

तरीही हैदराबादमार्गे जाणाऱ्याचे पाच-सहा तास जाऊ शकतात, कारण तेरा मिनिटांच्या जादा अंतरासोबत दुसरे उड्डाण, दुसऱ्यांदा चढणे-उतरणे आणि दोन विमानांमधली वाट पाहणे येते. पहिले विमान उशिरा आले आणि तिकिटे वेगवेगळी काढलेली असली, तर दुसरे तिकीट वाया जाते. किलोमीटर जवळजवळ तेवढेच, वेळ तिप्पट-चौपट.

मध्यवर्ती ठिकाणी गाठ घालण्याचा हा प्रकार नागपूरला नवा नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत जात. नागपूर मध्यावर होते म्हणूनच ते जमले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चारही विमाने रोज आणि ठरल्या वेळी येत.

आठवड्यातून किती दिवस?

खरा प्रश्न इथे आहे आणि अंतर-वेळ सांगणाऱ्या कोणत्याही पानावर तो येत नाही.

वाहतूक अभियांत्रिकीत एक साधी कल्पना वापरतात. प्रवाशाला जायचे असते तेव्हा आणि सेवा उपलब्ध असते तेव्हा, यांतली तफावत हाही प्रवासाचाच वेळ धरायचा. रोज एक विमान असेल तर ही तफावत सरासरी १२ तासांची. आठवड्यातून चारच दिवस असेल तर आठवड्याचे १६८ तास चाराने भागायचे, पुन्हा निम्मे करायचे, २१ तास. म्हणजे दीड तासाच्या उड्डाणाआधी सरासरी २१ तास ‘योग्य दिवसाची’ वाट. रेल्वेला लागणारा एक दिवस विमानाने वाचवला आणि वेळापत्रकाने तो जवळजवळ तसाच परत घेतला. महाराष्ट्र एक्स्प्रेस हळू आहे, पण रोज आहे.

समजा विमान रविवार, सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी आहे. सोमवारी सकाळी अकराला नागपुरात मुलाखत असलेली मुलगी रविवारी जाईल. सोमवारचे परतीचे विमान काम संपण्याआधीच सुटणार असेल, तर ती बुधवारीच परत येऊ शकेल. तीन रात्री मुक्काम. विमानाचे भाडे परवडले तरी लॉजचे परवडेल असे नाही. त्याच दिवशी परतणे तर जवळपास अशक्यच, कारण दिवसातून एकच फेरी असते तेव्हा विमान पलीकडे अर्धा-पाऊण तास थांबून लगेच मागे फिरते.

डिसेंबरातले विधिमंडळ अधिवेशन, दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमी, नागपूरचे एम्स, व्हीएनआयटी आणि आयआयएम. इकडे अंबाबाईचे दर्शन, कारखाने, साखर, कापड. या मार्गावर जाणारा माणूस हौशी पर्यटक कमी आणि तारखेला बांधलेला जास्त असतो. ज्याची तारीख दुसऱ्याने ठरवलेली आहे, त्याला मंगळवारचे काम बुधवारच्या विमानासाठी पुढे ढकलता येत नाही. असा प्रवासी एकदा-दोनदा अडकला की पुन्हा बस-रेल्वेकडे वळतो. मग आसने रिकामी जातात, कंपनी फेऱ्या कमी करते आणि उरलेल्या प्रवाशांची तफावत आणखी वाढते. ‘प्रतिसाद नाही’ असे म्हणून मार्ग बंद होतो, पण तो प्रतिसाद कोणत्या सेवेला मिळाला नाही हे कोणी विचारत नाही.

मार्ग सुरू होतात, टिकत का नाहीत?

केंद्राची ‘उडान’ योजना २०१६ मध्ये आली, पहिले विमान एप्रिल २०१७ मध्ये शिमला–दिल्ली उडाले. निवडक मार्गांवर निम्म्या आसनांचे भाडे अंतरानुसार मर्यादित ठेवायचे, सुमारे ५०० किलोमीटरसाठी अडीच हजार रुपये, आणि कंपनीचा तोटा तीन वर्षे सरकारने भरून द्यायचा. या भरपाईत बहुतेक राज्यांचा वाटा २० टक्के.

‘कॅग’ने २०२३ च्या अहवालात या योजनेचा हिशेब मांडला. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले. त्यांतले ११२ मार्ग तीन वर्षे पूर्ण करू शकले. आणि सवलतीचा काळ संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकून होते फक्त ५४. शंभरातले सात.

कोल्हापूरने हे जवळून पाहिले आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ मधली कित्येक वर्षे नियमित विमानाविना होता. २०१८ मध्ये एअर डेक्कनचे मुंबई विमान आले आणि फार टिकले नाही. २०१९ मध्ये ट्रूजेटने तोच मार्ग घेतला. २०२२ मध्ये कंपनीचीच उड्डाणे थांबली. त्याच वर्षी स्टार एअर आली. मुंबईसारखी हमखास मागणी असलेल्या मार्गाची ही कथा. नागपूरची मागणी त्याहून विखुरलेली.

या काळात विमानतळ मात्र सुधारत गेला. १,३७० मीटरची धावपट्टी १,९३० मीटर झाली, ती २,३०० मीटरपर्यंत नेण्याचे नियोजन आहे. रात्री विमान उतरवण्याची परवानगी मिळाली. १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. हे सगळे आवश्यक होते. रात्रीची सोय नसेल तर सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारे विमान आखताच येत नाही. पण काँक्रीटचे उद्घाटन करता येते, फेऱ्यांचे येत नाही. त्यामुळे लोकप्रतिनिधींचे लक्ष कुठे राहते ते सांगायला नको.

काय जाहीर व्हायला हवे?

डीजीसीए दरमहा विमान कंपन्यांच्या वेळ पाळण्याचे आकडे प्रसिद्ध करते. हे आकडे महानगरांतील निवडक मोठ्या विमानतळांवर मोजलेले असतात. कोल्हापूर, नांदेड, जळगाव, सिंधुदुर्ग इथले विमान महिन्याभरात किती वेळा आले आणि किती वेळा आलेच नाही, हे सामान्य प्रवाशाला त्या तक्त्यातून कळत नाही. ज्या शहरात दिवसाला पन्नास पर्याय आहेत तिथली वेळ मोजली जाते. जिथे एकच विमान आहे आणि ते चुकले की दोन दिवस जातात, तिथली नाही.

मार्गनिहाय माहिती देणे अवघड नाही. प्रत्येक उड्डाणाची नोंद विमानतळावर होतेच. ठरलेल्या फेऱ्या किती, झालेल्या किती, रद्द किती, त्यांतल्या हवामानामुळे किती, वेळेवर किती, एवढे पाच आकडे दर महिन्याला विमानतळाच्या पानावर टाकता येतील. ज्या मार्गांवर सरकार तोटा भरून देते, तिथे तर राज्य सरकारनेच ही अट घालायला हवी. वीस टक्के पैसे त्याच्या तिजोरीतून जातात. शिवाय अनुदान देताना फेऱ्यांच्या संख्येइतकेच दिवस आणि वेळा यांकडेही पाहावे. आठवड्यातून चार दुपारच्या फेऱ्यांपेक्षा सोमवार आणि शुक्रवारी सकाळी जाणारे, संध्याकाळी परतणारे विमान कोल्हापूर–नागपूरसारख्या मार्गावर जास्त लोकांच्या उपयोगाचे ठरेल. कंपनीला ते महाग पडते, कारण विमान दिवसभर पलीकडे अडकते किंवा दोन फेऱ्या कराव्या लागतात. तो जादा खर्च हाच अनुदानाचा खरा हिशेब असायला हवा.

तोवर प्रवाशाने तिकीट काढताना कालावधीआधी दिवस पाहावेत. परतीचे विमान कोणत्या वारी आहे, ते रद्द झाले तर पुढचे कधी आहे आणि त्या रात्रीची रेल्वे मिळेल का, हे आधी तपासावे. जोडविमान असेल तर दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर घ्यावीत. तिकीट काढताना स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्यावा. एजंटचा क्रमांक दिला तर रद्द झाल्याचा संदेश त्याच्याकडे जातो आणि संपर्काची योग्य माहिती नसेल तर भरपाईचा दावाही अडतो.

विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून लागू होते आणि मार्चच्या अखेरीस पुन्हा बदलते. नागपूरचे अधिवेशन, परीक्षा, लग्नसराई आणि कापसाचा हंगाम, सगळे याच पाच महिन्यांत येते. कोल्हापूर–नागपूर विमान कोणत्या वारी उडणार, हे त्या वेळापत्रकात पहिल्या ओळीत दिसेल. दीड तास हा आकडा दोन्ही हंगामांत तोच राहील.